प्रेसला सात बोटं चालतात

"हॅलो? …हॅलो, बबनरावांची गिरणी. …मोठ्यानं बोला. …नाही, बबनराव आत पट्टा चढवतायत. कोण पाहिजे? …सदाशिव? मीच सदाशिव. आपण कोण?"

आपण कोण, हे सदाशिवला पहिल्या 'हॅलो'लाच कळलं होतं. गव्हाच्या पोत्यावर बसून सकाळपासून तो याच फोनची वाट पाहत होता. अर्ध्या पिंपरीगावानं पाहुण्यारावळ्यांना निरोपासाठी दिलेला हा पी. पी. नंबर, पण आज कोणी फोन करायला आलं की सदाशिव 'लाइन मेलीय' म्हणून त्याला वाटेला लावत होता. रिसीव्हर त्यानं डाव्या हातात धरला होता. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरलेली; मधली तीन बोटं कंपनीकडे जमा.

"कोण अण्णासाहेब? …पर्सोनेलचे? …अहो, मग असं सांगा ना! तुम्ही आणि आमच्या गिरणीत? काय दळायचंय? …दळायचं नाही. बरं. …मी? मजेत. तुम्ही कसे? वहिनीसाहेब? …आणि तो पांढरा कुत्रा, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचा तो? …वारला? अरेरे. म्हणजे घरात सुतक…? …नाही नाही, चेष्टा कशाला करू? माणसानं चौकशी करायला नको का?"

चार वर्षांपूर्वी अण्णासाहेबांनीही सदाशिवची चौकशी केली होती. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये हात सापडला तेव्हा बिस्किटांचा पुडा घेऊन ते स्वतः दवाखान्यात आले, आणि हात बरा झाला की ये म्हणाले. हात जितका बरा व्हायचा तितका झाला. सदाशिव गेला. अण्णासाहेबांनी त्याला आत घेतलं नाही. गेटच्या गजांतून हाताकडे पाहिलं आणि प्रेसला दहा बोटं लागतात, तुझी सात, असं सांगितलं. सदाशिवनं खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. सरकारनं अपंगांसाठी शंभरात तीन जागा राखल्याची बातमी होती. अण्णासाहेबांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, की कायदा सरकारी नोकरीला आहे. आपल्या गेटातून कायदा शिफ्टला येत नाही. हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं, की शेजारी उभ्या असलेल्या वॉचमनला त्यांनी ते पुन्हा एकदा ऐकवलं.

"हं, बोला साहेब. …अपंग वर्ष? हो, माहीत आहे. आंतरराष्ट्रीय. पोस्टर लागलंय स्टेशनवर. …कमिटी? मुंबईची? …बक्षीस? कशाबद्दल? …अपंगांना काम देणारी उत्तम कंपनी. …कोणाला? आपल्या कंपनीला? …साहेब, एक मिनिट, मला बसू द्या. …नाही, बसलेलोच आहे. पण नीट बसू द्या."

तो पोत्यावर नीट बसला. दारात यशोदाबाई बाजरीचा डबा घेऊन उभ्या होत्या. डबा ठेवायचं त्यांना भान नव्हतं. डोळे फोनवर होते.

"हं, बसलो. मग अडचण काय? …धाकट्या मालकांनी कळवलं, बारा अपंग कामाला आहेत. छान. …आणि आहेत किती? …हॅलो? …लाइन गेली का? …हां, एकही नाही. …मग? …धडधाकट बारा जण निवडलेत? अरे वा. …लंगडायला शिकवलं? कोणी? …तुम्ही स्वतः! …कँटीनमध्ये चालून दाखवलंत. …आणि ते लंगडतायत कसे? …एक जण दर चार पावलांनी पाय बदलतो. होतं असं सुरुवातीला. …आंधळा व्हायला किती तयार? …पाच? का हो? …हां, आंधळ्याला बसायला मिळतं. …आणि मुका? …युनियनचा सेक्रेटरी मुका व्हायला तयार होईना. साहजिक आहे साहेब, त्याचं पोट आहे बोलण्यावर."

"…मग आता बिघडलं काय? …कमिटीत डॉक्टर निघाला. हातोडी आणलीय? …गुडघ्यावर मारून बघतो. …मग अवघड आहे. आपण लंगडतोय हे गुडघ्याला कुठे माहीत असतं? …कमिटी आहे कुठे आत्ता? …मालकांच्या केबिनमध्ये, चहा चालू आहे. …आणि तुम्हाला खरे अपंग पाहिजेत, आत्ताच्या आत्ता. …माझ्याकडे आहेत असं कोण म्हणालं? …वॉचमन दत्तोबा. बरा आहे का तो?"

दत्तोबा उत्तम होता. कालच संध्याकाळी तो मारुतीच्या देवळात सदाशिवच्या मांडीला मांडी लावून भजनाला बसला होता. 'दशांगुळे भजनी मंडळ, पिंपरीगाव.' मंडळात दत्तोबा सोडून बारा जण, सगळे त्या एकाच प्रेसशॉपमधून बाहेर पडलेले, आणि सगळी मिळून बोटं मोजायची नाहीत असा मंडळाचा नियम. पखवाजवाला डाव्या हाताची तीन बोटं घेऊन असा काही वाजवायचा की दहावाल्यांनी कान धरावेत. दत्तोबाचीही दोन गेली होती. पण तो थोरल्या मालकांच्या गावचा, म्हणून गेटच्या बाहेर न जाता, कागदोपत्री धडधाकट म्हणून, गेटवरच राहिला. कँटीनमधलं लंगडणं त्यानं काल अभंगांच्या मधल्या वेळात सांगितलं, आणि भैरवी होईपर्यंत सगळं ठरलं.

मंडळाचे अकरा जण सकाळपासून गेटसमोरच्या पानटपरीमागे उभे होते. आंघोळ केलेले, कपाळाला बुक्का, धुतलेले सदरे. ते आत गेले असते आणि अण्णासाहेबांच्या हाती लागले असते, तर अण्णासाहेबांनी त्यांना दिवसभर वापरून संध्याकाळी मागच्या दारानं काढलं असतं, फार तर एकेक बिस्किटाचा पुडा देऊन. धाकटे मालक मात्र नुकतेच परदेशातून आलेले. त्यांना कुणाचा चेहरा माहीत नाही. त्यांनी कमिटीसमोर एकदा 'हे आमचेच' म्हटलं की ते शब्द गिळायचे कसे? तेव्हा अण्णासाहेबांना त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये अडकवून ठेवायला हवं होतं. सदाशिवकडे तेवढंच काम होतं: त्यांना फोन ठेवू द्यायचा नाही.

"माणसं आहेत ना साहेब. अकरा आणि मी बारावा. …लगेच? लगेच कसं… थांबा हं. मावशी, बाजरी टाकू नका अजून, आधी गहू आहेत. …तुम्हाला नाही साहेब. यशोदाबाई आहेत इथं. …अहो, बाजरीमागे गहू दळला तर पोळी काळी येते, ते गव्हावाले मारायला उठतात. तुमची कमिटी परवडली. …हो हो, ऐकतोय…"

त्यानं उजवा हात वर केला आणि अंगठा-करंगळी हलवून बबनरावांना खूण केली. बबनरावांनी खटका ओढला. गिरणी घरघरली, पत्रा थरथरायला लागला.

"काय म्हणालात? …ऐकू येत नाही! …गिरणी सुरू झाली! …मोठ्यानं! …अहो, मालकाला बंद कर म्हणून कसं सांगू, नोकर आहे मी! …आणखी मोठ्यानं! …तुमची खिडकी उघडी आहे? असू द्या की, वारा येतो!"

"…हां, आता येतंय. माणसं देतो साहेब, पण एक अडचण आहे. त्यांची समजूत झालीय की प्रेसला दहा बोटं लागतात. …असं कोणीतरी सांगितलंय त्यांना. …मी कशाला नाव घेऊ? …तर तुम्ही एकदा सांगा, सात चालतात म्हणून. म्हणजे मला निरोप देता येईल. …'प्रेसला सात बोटं चालतात.' …काय? …'बोटं चालतात' एवढंच आलं. ती चालतात हे मलाही माहीत आहे, किती ते राहिलं. …पुन्हा! …हां! …मावशी, तुम्ही ऐका. धरा, इकडून कानाला लावा. …काय म्हणाले? …बरोबर. …साहेब, मावशी विचारतायत, सहा चालतील का? त्यांच्या जावयाची सहा आहेत. …ज्योतीराम. टाळ वाजवतो. …मग तसं म्हणा! …'सहा पण चालतात!' …मोठ्यानं, त्यांना वयामुळे कमी येतं! …शाबास!"

यशोदाबाईंना शंभर पावलांवरची कुजबुज ऐकू यायची. त्यांनी डबा खाली ठेवला आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

"आणि साहेब, तो कायद्याचा मुद्दा. …तुम्ही म्हणाला होतात ना, कायदा शिफ्टला येत नाही? …आठवत नाही? चालेल, मला आठवतं. …तर आता येतो का? …नाही, नाही, कायदा खाजगी कंपनीला लागत नाही हे मान्य. पण माणूस हौसेनं पण कामाला येतोच की. …म्हणा तर, 'कायदा शिफ्टला येतो.' …अहो, वेळ तुमचा जातोय, मला काय, संध्याकाळपर्यंत दळण आहे. …हां! …कुठल्या? …फर्स्ट शिफ्टला! …घसा बसला? पाणी घ्या थोडं. मी थांबतो. फोन ठेवू नका, पुन्हा लागायचा नाही."

अण्णासाहेब पाणी प्यायले. ते सदाशिवला ऐकू आलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

"…हं. कोण आलं? …शिपाई? काय म्हणतो? …अकरा अपंग आत आले? कुठून? …गेटमधून. मग ठीक आहे, गेट त्यासाठीच असतं. …प्रेसशॉपमध्ये, आपापल्या जुन्या मशीनशेजारी उभे. …आणि मालक? कमिटी? …तिथंच! …साहेब, फोन ठेवू नका! …अहो, तुमच्या फायद्याचं सांगतोय! तुम्ही खाली गेलात आणि एकाला जरी 'तू इथं कसा' म्हणालात, तर बक्षीस गेलं आणि तुम्हीही गेलात. …पटलं ना? …बसा मग. शिपायाला विचारा, मालक काय म्हणाले. …'हे आमचेच.' …'परमनंट.' …नक्की परमनंट म्हणाले? त्या पोराला पुन्हा विचारा. …सगळ्यांदेखत? बरं. …हातात हात दिले? मालकांना जमलं का? …सरावानं जमतं."

"…डॉक्टरांनी विचारलं, बोटं कुठे गेली. आणि? …ज्योतीराम म्हणाला, 'हितंच.' …पखवाजवाला? …'हितंच.' …अकराच्या अकरा 'हितंच' म्हणाले. …साहेब, रडू नका. आधी कमिटी काय म्हणाली ते तर सांगा. …खूश झाली? …काय? …जखमी झालेल्या एकाही कामगाराला न काढणारी कंपनी त्यांनी आजवर पाहिली नव्हती? …मी पण नव्हती पाहिली, साहेब."

सदाशिवनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि यशोदाबाईंना एवढंच सांगितलं, "परमनंट." यशोदाबाई गव्हाच्या दुसऱ्या पोत्यावर बसल्या. ते पोतं गिऱ्हाइकाचं होतं, पण त्यांना कोणी उठवलं नाही.

"हं, बोला. …अजून काय राहिलं? …बारावा? बारावा मीच की. निघतो, बस मिळाली की पोचलोच. …कमिटी थांबत नाही? मग? …मालकांनी दाखवला बारावा? कोण? …कोण? …बबनराव, बंद करा हो गिरणी! …साहेब, पुन्हा सांगा. …तुम्ही?"

गिरणी थांबली. पीठ हवेतून सावकाश खाली बसायला लागलं. शिपायानं सांगितलेलं अण्णासाहेब तुकड्यातुकड्यांनी सांगत होते, आणि सदाशिव ते जुळवून घेत होता. कमिटी प्रेसशॉपकडे जाताना अण्णासाहेबांच्या खिडकीखालून गेली होती. वर कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं: सहा पण चालतात! कायदा शिफ्टला येतो! प्रेसशॉपमध्ये बारावा दिसेना तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, मघाशी ओरडत होते ते कोण? धाकट्या मालकांना बारावा माणूस सुचत नव्हता आणि हा आवाज लपवता येत नव्हता. त्यांनी दोन्ही अडचणींची एकच सोय लावली. आमचे पर्सोनेल ऑफिसर, म्हणाले. बहिरे आहेत, म्हणून मोठ्यानं बोलतात. कमिटी भारावली. बहिरा माणूस ऑफिसर! त्याला भेटल्याशिवाय जायचं नाही असं ठरलं.

"जिना चढतायत? …मग वेळ नाही. हे बघा, ऐका… म्हणजे ऐकू नका. …चेष्टा नाही साहेब, मालकांचा हुकूम आहे ना? …मग बहिरे व्हा. लंगडलात तसंच. …एकदम सोपं. कोणी काही म्हणालं की त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि थोडं हसायचं. …डॉक्टर मागून टाळी वाजवेल, तेव्हा वळायचं नाही. …रिसीव्हर? आता ठेवू नका, खट् वाजतं, तुम्ही दचकाल. आडवा टाका टेबलावर. …दारात आले? …साहेब? …साहेब?"

तिकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी पुष्कळ सावकाश आणि पुष्कळ मोठ्यानं 'नमस्कार' म्हणालं. त्याला उत्तर आलं नाही.

सदाशिवनं रिसीव्हर तोंडाजवळ घेतला. एवढी वर्षं तो ही वाक्यं दळणाबरोबर दळत आला होता. आता गिरणीही बंद होती.

"साहेब, आता तुम्ही बोलू नका. मी बोलतो. त्या दिवशी गेटवर तुम्ही बोललात, मी गज धरून ऐकलं. …प्रेसला जाळीचा गार्ड बसवा म्हणून मी फोरमनला सांगितलं, मग तुम्हाला सांगितलं. गार्ड बसवला की माल कमी निघतो, म्हणालात. माल भरपूर निघाला साहेब. …तुमचा बिस्किटांचा पुडा आईनं फोडू दिला नाही. म्हणाली, पोराची तीन बोटं देऊन आणलाय, वाया नको घालवू. देव्हाऱ्यात ठेवला. मुंग्या लागल्या तेव्हा टाकला. …आणि आता एक चांगली बातमी. रिटायर होईपर्यंत कंपनीत तुमच्या पाठीमागे कोणी एक शब्द बोलणार नाही. तोंडावरच बोलतील. कँटीनमध्ये, गेटवर, युनियनच्या मीटिंगला, तुमच्यासमोर उभं राहून, सावकाश. आणि तुम्ही हसायचं. …मान नका हलवू. ऐकू आल्यासारखं दिसतं."

मग त्यानं रिसीव्हर यशोदाबाईंकडे दिला. जावयाच्या वतीनं आणि लेकीच्या वतीनं यशोदाबाई जे बोलल्या ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. त्यांच्यानंतर बबनरावांनी हात पुढे केला. बबनरावांचं अण्णासाहेबांशी काहीच वाकडं नव्हतं, त्यांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण साहेबाला शिव्या द्यायच्या आणि साहेबानं हसायचं, असा फोन आयुष्यात पुन्हा लागत नाही. त्यांनी नगरपालिका, वीज मंडळ आणि स्वतःचा साडू या तिघांचाही हिशेब त्यात उरकून घेतला.

सदाशिवनं रिसीव्हर परत घेतला तेव्हा पलीकडे कोणीतरी तो उचललेला होता.

"हॅलो? …हॅलो, कोण? …डॉक्टरसाहेब! नमस्कार, नमस्कार. …आवाज येत होता? कशातून? …रिसीव्हरमधून. असं होय."

डॉक्टर विचारत होते, बहिऱ्या माणसाशी फोनवर इतका वेळ कोण बोलतंय? आवाजावरून ते हुशार वाटत होते.

खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. अण्णासाहेब दुपारच्या आत गेटबाहेर उभे राहिले असते, त्याच गजांपलीकडे. आणि संध्याकाळच्या आत त्यांच्या मागोमाग अकरा जण. बुक्का लावलेले, धुतलेल्या सदऱ्यांतले. यशोदाबाई त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या. पदराचा बोळा पुन्हा तोंडात गेला होता.

"…हो, आहे, आहे. …हो डॉक्टरसाहेब, बहिरे आहेत. …ठार. …मी? मी त्यांच्या हाताखाली होतो. गार्ड बसवा, गार्ड बसवा म्हणून ओरडून सांगितलं, त्यांना नाही ऐकू गेलं. तेव्हाच ओळखलं आम्ही. …प्रेसचा गार्ड. हाताला वरचा दाब लागू नये म्हणून जाळी असते ती. …नाही, अजून नाही बसवलेली. एकाही मशीनला नाही. तुम्ही आत्ताच पाहून आलात. …लिहून घ्या की, बसवायला सांगा. मालक शेजारीच असतील. …हो म्हणाले? सगळ्या मशीनना? …बरं झालं."

"…फोन? हो, ते फोनवर बोलतात फक्त. दुसऱ्याचं ऐकत नाहीत. …सवय हो, जुनी. …हीच तर अडचण आहे, लोक बिचारे इकडून बोलत राहतात. आत्ता आमचंच बघा ना. …अगदी माझ्या मनातलं बोललात. त्यांचा फोन ऐकायला माणूस हवा. …हो, दिवसभर त्यांच्या शेजारी बसलेला. …मालक काय म्हणतात? …चालेल म्हणतात. …मी येतो ना. सदाशिव. …हो, मी पण त्यांच्यातलाच. सात. …नाही, रिसीव्हरला डावा हात पुरतो. आत्ता किती वेळ धरलाय. …उद्या फर्स्ट शिफ्टला. …आणि परमनंट ना? …मग एक काम करा डॉक्टरसाहेब. अण्णासाहेब समोर आहेत ना? हसतायत? …त्यांच्यासमोर एकदा मोठ्यानं म्हणा, 'सदाशिव परमनंट.' …हो, माहीत आहे, त्यांना ऐकू जाणार नाही. …तरी म्हणा."

डॉक्टरांनी म्हटलं. सदाशिवनं ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग रिसीव्हर उजव्या हातात घेऊन, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत, हळूच खाली ठेवला.